देणारा कोणापुढे वाकतो?



दरवर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून आपल्या अकलूजला येते. वारकरी जेवायला बसतात तेव्हा वाढणारा त्यांच्या पाया पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घेणाऱ्याने वाकावे ही जगाची रीत. इथे ती उलटी होते.

संत पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे 8 व 9 हे अध्याय वाचताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. येरुशलेममधील गरीब भाविकांसाठी पौल ग्रीक शहरांतून वर्गणी गोळा करीत होता. करिंथ म्हणजे व्यापाराचे, पैशाचे शहर. पण तिथली वर्गणी वर्षभर रेंगाळली होती. (हा अनुभव आपल्यालाही नवा नाही!) म्हणून पौल मासेदोनियाचे, म्हणजे फिलिप्पै, थेस्सलनीका या भागातील भाविकांचे उदाहरण देतो. ते स्वतः कमालीचे दरिद्री होते. तरी आम्हालाही या सेवेत वाटा द्या, अशी विनवणी त्यांनीच केली (8:4). देणारेच याचक झाले. इथे पौल ‘खारिस’ हा ग्रीक शब्द वापरतो. देवाच्या कृपेला, वर्गणीला आणि आभारालाही या अध्यायात तोच शब्द आहे.

ॲरिस्टॉटलनेही औदार्य रकमेवरून नव्हे, देणाऱ्याच्या वृत्तीवरून ठरवावे असे म्हटले. मात्र त्याचा थोर पुरुष देण्यात मोठेपणा मानतो आणि घ्यायला लाजतो. पौलाला हे मान्य होणार नाही. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरेल, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची, असे तो सांगतो आणि रानातल्या मान्न्याची आठवण देतो (8:14-15). ज्याने जास्त गोळा केला त्याचाही उरला नाही. शिवाय ख्रिस्त आपल्यासाठी दरिद्री झाला, तो आपल्यापुढे वाकला (8:9).

आता आपल्याकडे पाहू. साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडचे ऊसतोड कामगार आपल्या शिवारात उतरतात. कोपीतली बाई हंडा घेऊन दारात येते. पाणी आपण देतो, नाही म्हणत नाही. पण तिला ‘बसा’ म्हणतो का? वारकऱ्याला धुतलेले ताट आणि तिच्या मुलांना बटणे तुटलेले शर्ट, हा फरक कशासाठी?

येत्या नाताळात आपण त्यांच्या कोप्यांवर जाणार आहोत. कपडे आणाल ते आपल्या मुलांना घालाल असेच आणा. आणि तिथे कोणी चहा पुढे केला, तर नको म्हणू नका.