सवलत आपोआप लागत नाही

स्वतःच्या घरात राहणाऱ्या पुणेकराला मिळकत करात ४० टक्के सवलत मिळते, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ होतं. १९७० पासून चालत आलेली गोष्ट. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने सवलत थांबवली आणि १ एप्रिल २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना पूर्ण बिलं येऊ लागली. आमचा वारज्याचा फ्लॅट त्यातलाच. २०२३ मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली, पण अशा घरांसाठी पीटी-३ अर्ज द्यायचा होता. मुदत १५ नोव्हेंबर, आणि नेमकी त्याच दिवशी भाऊबीज.

अर्जाचं शुल्क फक्त २५ रुपये. मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड घरातच होतं. अडलं ते सोसायटीच्या पत्रापाशी. सेक्रेटरी दिवाळीला गावी गेलेले. फोनवर म्हणाले, "अहो, लेटरहेड आणि शिक्का कपाटात आहे, पण किल्ली माझ्याकडे. आलो की देतो." तेवढ्यात मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत वाढली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

पत्र मिळालं, ते घेऊन अगदी शेवटी शेवटी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या खिडकीवर गेलो. कारकुनाने एका ओळीवर बोट ठेवलं. पत्रात लिहिलं होतं, 'सदर सदनिका यांच्या नावे असून ते संस्थेचे सभासद आहेत.' तो म्हणाला, "काका, मालक तुम्ही आहातच. पण तुम्ही तिथे राहता, असं कुठे लिहिलंय?" त्याचं बरोबरच होतं, सवलत राहण्याची आहे, मालकीची नव्हे. दुरुस्त पत्रावर सह्या होईपर्यंत तारीख उलटली आणि त्या वर्षी पूर्ण बिल भरावं लागलं.

म्हणून सांगतो, सुरुवात सोसायटीच्या पत्रापासून करा. मजकूर स्वतः लिहून न्या. 'मालक या सदनिकेत स्वतः राहतात' हे वाक्य त्यात हवंच, आणि फ्लॅटचा नंबर बिलावर जसा आहे तसाच हवा. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडा. घर भाड्याने दिलं असेल तर ही सवलत मागू नका. तपासणीत निघालं तर फरक भरावा लागतो.

दोन सवलतींची गल्लत करू नका. लवकर कर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात मिळणारी ५ किंवा १० टक्के सूट पैसे भरले की लागते. ४० टक्क्यांची मात्र नोंद व्हावी लागते. ती झाली की करपात्र मूल्यच उतरतं, म्हणजे दहा हजारांचं बिल साधारण सहा हजारांवर येतं.

आणि सवलत लागेल तेव्हा भरू, म्हणून बिल बाजूला ठेवू नका. आमच्या शेजाऱ्यांनी तसं केलं. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढत गेली आणि सवलतीतून जे वाचणार होतं त्यातलं बरंचसं तिथेच गेलं. ज्यांनी पूर्ण कर भरून वेळेत अर्ज दिला, त्यांची जादा रक्कम पुढच्या बिलांतून चार समान हप्त्यांत वळती करायचं ठरलं होतं. भरलेले पैसे बुडत नाहीत.

तारीख चुकलीच असेल तर कागद फाइलमध्ये तयार ठेवा आणि अर्ज पुन्हा कधी घेणार, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारत राहा. अर्ज दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नवं बिल आलं की एकूण रकमेआधी करपात्र मूल्याचा आकडा बघा. तो उतरला नसेल तर नोंद झालेली नाही. पोच घेऊन लगेच मिळकत कर खात्याच्या पेठ निरीक्षकांना गाठा. लवकर कर भरण्याची सूट संपायच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना मान वर करायलाही सवड नसते.