कडेवरचे लेकरू



दर नाताळाला आपल्यातील कोणीतरी विचारते, "एखाद्या अपंग मुलाला चाकाची खुर्ची देऊ का?" भाव चांगलाच आहे. पण मागे आम्हीच एका पाड्यावर पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची देऊन आलो. मूल तिच्यात एका बाजूला कलंडे. पुढच्या भेटीत खुर्चीवर सरपण रचलेले दिसले. आईने शहाणपणच केले म्हणायचे.

मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा होते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, बाळ न रडणे, तीव्र कावीळ ही त्याची काही कारणे. हा पोलिओ नव्हे, करणी तर नव्हेच. मेंदूतील इजा वाढत नाही. पण मूल निजूनच राहिले तर स्नायू आखडतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, खुबाही निसटतो. म्हणून व्यायाम रोजचा हवा. गडचिरोलीच्या पाड्यावरून महिन्यातून एकदा नागपूरला मेडिकलमध्ये येऊन तेवढ्याने काय होणार?

मग शिकवायचे आईलाच. आपल्या बाया लेकराला कडेवर घेतात, पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना टाकून. आखडलेल्या मांड्यांना यापरता सोपा ताण नाही, आणि मूल मान सावरून आजूबाजूला पाहतेही. तान्ह्यासारखे आडवे घेतले तर यातले काही साधत नाही. बसवताना गोधडीची घट्ट वळकटी करून तिच्यावर घोड्यासारखे बसवावे, मागून आधार द्यावा. पाय ताणायचा तो सावकाश, वीस-तीस सेकंद धरून. हिसका दिला की स्नायू अधिकच आवळतो. पेज निजवून पाजू नये, ती श्वासनलिकेत जाते. तेलाने चोळायला हरकत नाही, पण तेवढ्यालाच उपचार समजू नये.

चार महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर लगेच दाखवावे.

2016 च्या कायद्यातील 21 अपंगत्वांत हे येते. प्रमाणपत्र काढले की राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा घेता येतो. त्यात 1 लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात थेरपीही धरतात.

मार्क 2 मधील पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. आमच्या आया एकट्याच येतात. एसटीचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी, एवढे कोणी उचलले तर पुढची तारीख चुकत नाही. खुर्ची द्यायचीच असेल तर आधी आम्हाला कळवा. थेरपिस्टकडून मुलाचे माप घेऊन पाठवतो.