तेलगळतीनंतर समुद्रातील सस्तन प्राण्यांचे पुनर्वसन : एक अभ्यास



प्रतापगड परिसरातील मुलांना नवेगावबांधचा तलाव आणि इटियाडोहचे धरण परिचित असते. समुद्र मात्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला नसतो. तरीही आपल्या राज्याला सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा आहे, आणि आपल्या ट्रॅक्टरमध्ये, मोटारसायकलमध्ये जळणारे इंधन ज्या कच्च्या तेलापासून बनते, ते बहुतांशी समुद्रमार्गेच देशात येते. हे तेल सांडले तर त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपणही केला पाहिजे.

1) हे प्राणी कोणते?

देवमासा व डॉल्फिन हे मासे नव्हेत. ते आपल्याप्रमाणे फुप्फुसाने श्वास घेतात आणि पिल्लांना दूध पाजतात. श्वासासाठी त्यांना वारंवार पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते, आणि तेलाचा तवंग व त्याची विषारी वाफ नेमकी तेथेच असते. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची वाढ फार सावकाश होते. मासा एका वेळी हजारो अंडी घालतो. डॉल्फिनची मादी सुमारे वर्षभर गर्भ वाढवते आणि दोन-तीन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा एकच पिल्लू देते. म्हणून एक मादी मेली तर तिची पुढील सर्व पिल्ले गेली, असे समजावे.

2) आपल्या किनाऱ्यावरील घटना

मे 1993 मध्ये मुंबई हायहून उरणकडे तेल आणणारी वाहिनी समुद्रात फुटली. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-3' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल सांडले. कांदळवनांना तेल चिकटले व कोळी बांधवांच्या मासेमारीवर संकट आले. ऑगस्ट 2011 मध्ये 'रॅक कॅरियर' हे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले आणि त्यातूनही तेल गळले. याच किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कुबड असलेले डॉल्फिन राहतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिलेले आहे. पण तवंगाला कायदा अडवू शकत नाही.

3) अलास्काचा धडा

24 मार्च 1989 रोजी अमेरिकेतील अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे जहाज खडकावर आदळले आणि सुमारे 4 कोटी लिटर तेल समुद्रात गेले. तेथील समुद्री पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नसतो. दाट केसच त्याला थंडीपासून वाचवतात. केस तेलाने माखताच ते गारठून मरते. हजाराच्या आसपास मृतदेह सापडले. प्रत्यक्षात मेलेले त्याहून पुष्कळ अधिक होते. साडेतीनशेहून अधिक पाणमांजरे पकडून, धुऊन, उपचार करण्यात आले व सुमारे दोनशे परत सोडण्यात आली. त्यांपैकी 45 जणांना रेडिओयंत्रे बसविली होती. पुढील वसंतापर्यंत त्यातील जवळपास निम्मी मेली किंवा बेपत्ता झाली. वाळूखाली दडलेले तेल वर्षानुवर्षे टिकले, आणि शिंपले उकरताना ते प्राण्यांच्या अंगाला लागत राहिले. संख्या पूर्ववत झाल्याचे शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी जाहीर केले.

त्याच भागातील ऑर्का या शिकारी देवमाशांचा एक कळप मात्र सावरला नाही. गळतीपूर्वी त्यात 22 प्राणी होते. पुढे सातच उरले. 1984 नंतर त्या कळपात एकही पिल्लू जन्मल्याची नोंद नाही. हा हिशेब ठेवता आला, कारण संशोधकांनी गळतीच्या आधीच प्रत्येक प्राण्याचे छायाचित्र घेऊन त्याची ओळख नोंदविली होती.

4) पुनर्वसन म्हणजे काय?

20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या मंचावर स्फोट होऊन 11 कामगार मृत्युमुखी पडले. तेल 87 दिवस वाहत राहिले. लुइझियानाच्या बाराटारिया उपसागरातील डॉल्फिनांना फुप्फुसाचे विकार जडले. तपासलेल्या गाभण माद्यांपैकी पाचात जेमतेम एकीला जगणारे पिल्लू झाले. खास प्रयत्न न केल्यास ही हानी भरून येण्यास सुमारे 39 वर्षे लागतील, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. 2016 च्या तडजोडीत समुद्री सस्तन प्राण्यांसाठी 14.4 कोटी डॉलर राखून ठेवण्यात आले.

परंतु पैसे देऊन डॉल्फिन विकत आणून समुद्रात सोडता येत नाहीत. उरलेल्या माद्या जगविणे एवढाच मार्ग असतो. त्यासाठी जाळ्यात अडकून होणारे मृत्यू कमी करणे, बोटींचा धक्का व आवाज आटोक्यात ठेवणे, किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांवर त्वरित उपचार करणे ही कामे करावी लागतात. तेलाने मारलेले परत येत नाहीत. इतर कारणांनी मरणारे मात्र वाचविता येतात.

या दृष्टीने महाराष्ट्राने 2018 मध्ये सुरू केलेली योजना महत्त्वाची आहे. जाळे कापून संरक्षित प्राण्याची सुटका करणाऱ्या मच्छीमारास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गरिबाच्या पोटावर पाय देऊन प्राणी वाचत नाहीत, ही जाण या योजनेत आहे.

5) आपल्यासाठी बोध

आपल्या जिल्ह्यात दरवर्षी सारस पक्ष्यांची गणना होते. सारसाची मादी एका वेळी साधारण दोनच अंडी घालते. म्हणून ज्याच्या बांधीत घरटे असते त्या शेतकऱ्याचे सहकार्य मोलाचे ठरते. डॉल्फिनांचे गणितही असेच आहे. संकट येण्यापूर्वी मोजदाद झालेली नसेल, तर संकटानंतर किती गेले हे सिद्ध करता येत नाही आणि भरपाईही मागता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी मोजण्याची व नोंद ठेवण्याची सवय लावून घ्यावी. आपल्या तलावावर कोणते पक्षी केव्हा आले, नाल्यात कोणी जळके ऑईल ओतले, हे तारखेसह वहीत लिहावे. नोंद असेल, तर जे मुके आहेत त्यांच्या वतीने उद्या कोणी दाद मागू शकेल.