ठासणीच्या बंदुकीविषयी, पुतण्यास

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ यास,


आप्पांची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यातून सोडवून आणायची, परवाना स्वतःच्या नावावर करायचा आणि नेमबाजीचा छंद धरायचा, असं तू लिहिलं आहेस. वाचून मला आनंद झाला. आप्पांनी ती बंदूक पोटच्या पोरासारखी सांभाळली, तिला वारस मिळतोय. पण एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. या छंदात बार उडवणं हा सगळ्यात लहान भाग आहे. भरणं, थांबणं आणि धुणं, यातच सगळा वेळ जातो. ज्याला धुण्याचा कंटाळा आहे त्यानं या बंदुकीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कायद्याचं बोलतो. बंदूक जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट पुराण्या, मोडक्या आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला आहे. आप्पांची बंदूक चालती आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि आप्पांचा परवाना त्यासाठीच होता, रानडुकरं हाकलण्यासाठी. तुला नेम मारायचा आहे, पीक राखायचं नाही. तेव्हा अर्जात खरा उद्देश लिही आणि परवान्यावर जे लिहून मिळेल त्यापलीकडे जाऊ नकोस. तू शहरात राहतोस, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा. वारस म्हणून बाकीच्या भावंडांची संमतीही आताच लेखी घेऊन ठेव.

कन्नडच्या शेतात सराव करण्याचा विचार मात्र सोडून दे. आपलं शिवार गौताळा अभयारण्याला लागून आहे, आणि वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे. बांध कुठं संपतो आणि रान कुठं सुरू होतं, हे गोळीला कळत नाही. ज्या रेंजवर काळ्या दारूची परवानगी असेल तिथंच, तिथल्या माणसाच्या देखरेखीखाली बार काढायचा.

बंदूक हाती येईपर्यंत रिकामा बसू नकोस. दौलताबादला जाऊन ये. चिनी महालाजवळच्या बुरुजावरची मेंढा तोफ नीट बघ. पाठीमागं मेंढ्याचं डोकं आहे म्हणून लोक तिला मेंढा म्हणतात, तिच्यावर कोरलेलं नाव किल्लेशिकन आहे. सेल्फी काढून परत फिरू नकोस. दारू तोंडातून कशी जाते, कानाशी बत्ती कुठं लागते, एवढी अजस्र तोफ खुंटावर कशी फिरवत असतील, ते उभं राहून समजून घे. तुझ्या हातातल्या नळीचं शास्त्रही तेच आहे. १६३३ मध्ये मुघल सेनापती महाबतखानानं याच किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग लावले, तेही याच काळ्या दारूचे.

जमलं तर भोकरदनकडून असईलाही जा. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज समोरासमोर आल्या. दोन्हीकडं तोंडातून भरायच्या, चकमकीच्या बंदुका होत्या. तयार शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा, तेही अंगावर गोळे पडत असताना. शिंद्यांच्या तोफखान्यानं असा मारा केला की जिंकूनही इंग्रजांकडचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. भरण्याची शिस्त काय असते ते त्या मैदानात उभं राहिल्यावर कळतं.

आता हाताचं काम. दारू घरी करायची नाही. सोरा, गंधक, कोळसा एवढं तर शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, म्हणून कुटून बघू असं मनातही आणू नकोस. स्फोटकांचा कायदा आड येतो आणि बोटं जातात. परवानाधारक दुकानातूनच घे. काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते.

पहिला बार काढण्याआधी परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घे. घराघरांतल्या जुन्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच सापडतात. गज आत टाक, खूण कर, मग तो बाहेरून नळीला लावून बघ. कमी गेला तर आत काहीतरी आहे. भरताना शिंगातली दारू थेट नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली तर अख्खं शिंग हातात पेटतं. मापात घे, मापातून ओत. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. निपलवर बसवायची केप सगळ्यात शेवटी, तोंड लक्ष्याकडं केल्यावर. बार चुकला तर बंदूक तशीच समोर धरून मिनिटभर उभा राहा. उशिरानं सुटणारा बार माणूस वाकून बघायला लागला की सुटतो.

आणि धुणं. जळलेल्या काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन नळीत उरतो. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एखादी रात्र निभावेल, पण श्रावणात सकाळी नळी तांबूस झालेली दिसेल. तेलानं हे क्षार निघत नाहीत, पाण्यानंच विरघळतात. म्हणून त्याच संध्याकाळी, हातपाय धुण्याआधी, नळी साबणाच्या कढत पाण्यानं धुवायची. चिंधी पांढरी निघेपर्यंत गज फिरवायचा. सडलेल्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा, घाबरू नकोस. पाणी कढत असलं की नळी तापते आणि आपोआप सुकते. मग कोरडी चिंधी, मग तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. निपलचं भोक सुईनं मोकळं ठेवायचं. जवसाचं तेल आपल्याकडं सहज मिळतं, दस्त्याला तेच लाव. पण त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळव.

दसऱ्याला बंदूक पूजेत ठेव, मला आवडेल. पण रिकामी, आणि बार उडवायचा नाही. आनंदाच्या भरात, लोकांच्या जिवाला धोका होईल असा बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मित्रांना दाखवायला, मोबाईलमध्ये फोटो टाकायला ती बाहेर काढू नकोस. वहिनींनाही सांग, कपाटाची किल्ली तुझ्याशिवाय कुणाकडं नको.

अर्जाचा मसुदा तयार झाला की आधी मला आणून दाखव, मगच आयुक्तालयात दे.

तुझा,
काका