एका गोष्टीला इतके लेखक कसे?

प्रश्न : मी सिद्धेश्वरचा, धरणाच्या गावचा. गणपतीत आणि शाळेच्या गॅदरिंगला एकांकिका लिहून बसवतो. रात्री घरचे मालिका बघतात तेव्हा माझं लक्ष नावांकडे असतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. एक गोष्ट एवढी माणसं मिळून लिहितात कशी? त्यांच्यात भांडणं होत नाहीत का? आणि मला एकट्यानं लिहायची सवय आहे, तर हे काम इथं राहून शिकता येईल का?
— एक वाचक, सिद्धेश्वर, जि. हिंगोली

उत्तर : भांडणं होतात. ती होऊ नयेत असं मला वाटतही नाही. जिथे लेखक एकमेकांशी कधीच भांडत नाहीत तिथे बहुधा एकानं सगळं ठरवलेलं असतं आणि बाकीचे ते उतरवून काढत असतात. पाहणाऱ्याला ते कळतं. प्रश्न आहे तो भांडण कोणत्या दिवशी करायचं याचा. मालिकेसाठी सोबत लिहायला शिकणं म्हणजे बरंचसं तो दिवस ओळखायला शिकणं.

आधी एवढी माणसं लागतात कशाला ते पाहू. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून एका भागाची साधारण बावीस मिनिटं. म्हणजे आठवड्याला १३२ मिनिटं. दर आठवड्याला एक पूर्ण चित्रपट लिहायचा, पुढच्या आठवड्यात दुसरा, आणि असं वर्षभर. पूर्वी हा वेग नव्हता. दूरदर्शनवरची ‘हम लोग’ १९८४-८५ मध्ये मनोहर श्याम जोशींनी लिहिली, तेव्हा दीडेक वर्षात दीडशेच्या आसपास भाग झाले. अल्फा मराठीवरची ‘प्रपंच’ प्रतिमा कुलकर्णींनी स्वतः लिहिली आणि स्वतःच दिग्दर्शित केली. ती साप्ताहिक मालिका होती, म्हणून एका माणसाची नजर तिच्यात शेवटपर्यंत टिकू शकली. पण २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि २०१३ पर्यंत तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढं लेखन एका टेबलावरून होणं शक्य नाही.

म्हणून कामं वाटली गेली. कथालेखक चॅनेलच्या आणि निर्मिती संस्थेच्या माणसांबरोबर बसून पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्टीची वाट, ठरवतो. त्यातून एकेका भागाची वनलाइन निघते : या भागात काय घडतं, कुठे थांबतं. पटकथाकार त्याचे सीन पाडतो. कोण, कुठे, कशासाठी आलं, काय मिळवून किंवा गमावून गेलं. संवादलेखक पात्रांच्या तोंडी भाषा देतो. मग सेटवर दिग्दर्शक आणि नट. तिथेही दोन वाक्यं गळतात आणि एखादं नवं येतं. यात कुणी आजारी पडलं, कुणाची तारीख मिळाली नाही, दर आठवड्याचा टीआरपी घसरला, तर ठरलेला ट्रॅक मध्येच वळवावा लागतो. हाताशी आधीच तयार असलेल्या भागांची बँक असेल तर श्वास घ्यायला जागा मिळते. नसेल तर सकाळी लिहिलेला सीन दुपारी चित्रित होतो.

आता भांडणाच्या दिवसाकडे येतो. तुमच्याच भागातली एक गोष्ट कल्पून पाहू. वसमतच्या बाजूचं हळद पिकवणारं घर. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, वडील तिला पुढे शिकवायला तयार नाहीत. आई त्यांना न सांगता हळदीची काही पोती विकते. ट्रॅक असा ठरला, की आई हे सहा भाग लपवून ठेवते आणि सातव्यात वडिलांना कळतं.

तुम्ही संवादलेखक आहात. चौथ्या भागाचा सीन रात्री तुमच्याकडे आला. लिहिता लिहिता तुम्हाला वाटलं, ही बाई एवढी खोटी वागणार नाही, ती नवऱ्याला तोंडावर सांगेल. तुमचं वाटणं खरंही असेल. पण म्हणून तुम्ही त्या सीनमध्ये तिला सगळं कबूल करायला लावलंत, तर पुढचे तीन भाग कोसळले. मुलीला आईवर आलेला संशय, काकांचा गैरसमज, बाजारात झालेली गाठ हे सगळं त्या लपवण्यावर उभं होतं. दुसऱ्या कुणीतरी त्याचे सीन पाडून ठेवलेले आहेत. तुमचा सीन कदाचित उत्तम झाला असेल, पण गोष्ट मोडली.

हेच वाक्य तुम्ही वनलाइनच्या बैठकीत बोलला असतात तर? “ही आई खोटं बोलणार नाही. ती गप्प बसेल. विचारलं तर विषय बदलेल.” मग कुणीतरी म्हणालं असतं, चालेल, मग कुणी तिला थेट विचारायचंच नाही असं करू. कुणी कसं विचारायचं टाळतं, यातून नवे सीन सुचले असते. आई खरी राहिली असती, लपवणंही राहिलं असतं. एकच मुद्दा, पण सोमवारी बैठकीत मांडला तर गोष्ट वाढते आणि गुरुवारी रात्री लिहिताना मांडला तर गोष्ट तुटते. म्हणून मी नव्या लेखकांना सांगतो : बैठकीत संकोचानं गप्प बसू नका आणि घरी जाऊन एकट्यानं बंड करू नका. बैठकीत गप्प बसणाऱ्याला लोक समजूतदार म्हणतात. माझ्या मते तो टीमचं सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण त्याचा विरोध कागदावर उशिरा आणि चोरपावलांनी येतो.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. ठाण्या-मुंबईत बसलेल्या पटकथाकाराला गोष्ट कशी बांधायची ते माहीत असतं. हळद काढल्यावर ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, पॉलिश करावी लागते, तेव्हा कुठे पोती भरली जातात, आणि हे सगळं होईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो, हे त्याला माहीत असेलच असं नाही. तो लिहील, आईनं गुपचूप पोतं उचललं आणि विकलं. तुम्ही सांगाल, असं होत नाही. मोंढ्यात माल गेला की वजन होतं, आडत्याकडून हिशोबपट्टी मिळते. ती पट्टी आई कुठे ठेवणार? लुगड्याच्या घडीत, की मुलीच्या पुस्तकात? सातव्या भागात वडिलांना कळायचं आहे ना, मग कुणी चुगली करायची गरजच नाही. पट्टी सापडेल. वडिलांच्या हातात ती आली की त्यांना पैसे दिसतील आणि तारीखही दिसेल. म्हणजे इतके दिवस आपल्याशी कुणी बोललं नाही हेही दिसेल.

बांधणी त्याची आणि पट्टी तुमची. एकट्या त्याला हा सीन सुचला नसता, एकट्या तुम्हाला तो सातव्या भागापर्यंत राखून ठेवता आला नसता. सोबत लिहिण्यात मला खरा आनंद वाटतो तो इथे.

माहितीचं हे बळ मराठी मालिकांनी पाहिलेलं आहे. २०१६ मध्ये आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’चे संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर त्याच मालिकेत पांडूची भूमिकाही करत होते. मालिकेतली बोली लिहिणाऱ्याच्या तोंडात आधीच होती. ‘चला हवा येऊ द्या’मधली पत्रं मराठवाड्यातल्या अरविंद जगताप यांच्या लेखणीतून आली आणि पोस्टमन झालेल्या सागर कारंडेंच्या आवाजातून घरोघरी पोहोचली. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त समीर चौघुले, प्रसाद खांडेकर लिहितातही आणि करतातही. लिहिणारा आणि बोलणारा इतके जवळ असले की वाक्य कागदावर फार काळ कडक राहत नाही.

सूचना ऐकण्याबद्दल थोडं सांगतो, कारण नवे लेखक इथेच दुखावतात. चॅनेलमधून निरोप येतो : “आईचा सीन लांबतोय, कापा.” तुम्हाला तो सीन जिवापाड आवडलेला असतो. लगेच कापू नका आणि लगेच नकारही देऊ नका. कंटाळा नेमका कुठे आला ते विचारा. बरेचदा खोट त्या सीनमध्ये नसतेच. फी भरायची शेवटची तारीख आधीच्या भागात प्रेक्षकाला सांगायची राहून गेलेली असते, म्हणून आईची घालमेल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तारीख सांगितली की तोच सीन पुरेसा वाटतो. सूचना देणाऱ्याला काहीतरी खटकलेलं आहे एवढं खरं धरा, उपाय मात्र मिळून शोधा.

आणि काय सोडायचं, काय धरायचं? लाडकी वाक्यं सोडा. ती पुन्हा सुचतात. पात्राचा स्वभाव धरून ठेवा, आणि तो धरताना “मला वाटतं” एवढ्यावर थांबू नका. आधीच्या भागांतलं तिचं वागणं समोर ठेवा. पुरावा दिलात की वाद माणसांमधला राहत नाही, गोष्टीतला होतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. इथं राहून शिकता येईल का? सुरुवात तर नक्की करता येईल, आणि त्याला मराठवाड्यातलाच दाखला आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काही तरुण मुलं एकत्र आली आणि त्यांनी ‘जिगीषा’ ही संस्था उभी केली. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शन करायचे, प्रशांत दळवी आणि अजित दळवी लिहायचे, प्रतीक्षा लोणकर अभिनय करायच्या. पुढे यातली काही मंडळी मुंबईला गेली. १९९१ मध्ये रंगभूमीवर आलेलं ‘चारचौघी’ प्रशांत दळवींचं, दिग्दर्शन कुलकर्णींचं. १९९९ चा ‘बिनधास्त’ आणि २०१२ चा ‘तुकाराम’ या चित्रपटांचं लेखन दोघा दळवी भावांनी मिळून केलं, दिग्दर्शक पुन्हा कुलकर्णीच. एकमेकांचं लेखन खोडायची सवय त्यांना मुंबईनं लावली असं मला वाटत नाही. ती तालमीच्या खोलीत, नाव-पैसा काही नसताना लागते. तेव्हा मैत्री पणाला लागत असल्यामुळे माणूस नीट बोलायला शिकतो.

एकांकिका बसवताना तुमच्यासोबत चार जण असतीलच. पुढची एकांकिका एकट्यानं लिहू नका. एकानं फक्त कथा सांगायची, तीही अर्ध्या पानात. दुसऱ्यानं तिचे प्रवेश पाडायचे. तिसऱ्यानं संवाद लिहायचे. मग पुढच्या वेळी कामं बदलायची, म्हणजे प्रवेश पाडताना काय अडचण येते हे संवाद लिहिणाऱ्याला कळेल. दुसऱ्याच्या पानावर खाडाखोड करण्याआधी “हे असं का?” एवढं विचारायचंच, असा नियम ठेवा. आणि संवाद मोठ्यानं वाचा, लिहिणाऱ्यानं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. लिहिणारा आपल्याच वाक्यातल्या खाचा आवाजानं भरून काढतो. दुसरा वाचतो तेव्हा त्या ऐकू येतात. सोबत एखाद्या मालिकेचा एक आठवडा घ्या आणि बघून झाल्यावर तिच्या सहाही भागांची वनलाइन उलट लिहून काढा. पटकथा समजायला याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

संहिता आता फोनवरून जातात, बऱ्याच बैठकाही पडद्यावर होतात. सुरुवातीला मात्र मुंबईला जाऊन माणसांना भेटावं लागेल. फोनवर ‘चालेल’ म्हणणाऱ्याचा चेहरा काय म्हणतोय हे समोर बसल्यावरच कळतं, आणि या कामात ते कळणं फार गरजेचं आहे.

राहिला नावांचा मुद्दा. तुमचं लक्ष नावांकडे जातं हे मला फार आवडलं. तुमच्याच जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांच्या गाथेत त्यांच्या घरातल्यांचे अभंग आहेत, जनाबाईंचेही आहेत, आणि ज्याच्या त्याच्या अभंगात ज्याची त्याची नाममुद्रा आहे. एका घरात, एका विठ्ठलासाठी गायलं, तरी जनी आपलं नाव जनी म्हणूनच घालते. मालिकेच्या श्रेयनामावलीकडून माझी हीच अपेक्षा असते. सोबत लिहायचं म्हणजे आपलं नाव पुसून टाकायचं असा गैरसमज करून घेऊ नका.

यात कायदाही समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नुसत्या कल्पनेला संरक्षण मिळत नाही, लिहून काढलेल्या रूपाला मिळतं. एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही असं लेखन त्या कायद्यात संयुक्त कृती मानलं जातं. २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकांचा रॉयल्टीवरचा हक्क अधिक बळकट केला. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन संहिता नोंदवता येते. मराठीत मालिका, नाटक आणि चित्रपट लिहिणाऱ्यांची ‘मानाचि’ ही संघटना आहे, तिच्याशीही ओळख करून घ्या. कोणत्याही टीममध्ये शिरताना आपलं नाव कोणत्या कामासाठी आणि कसं लागणार, मानधन भागावर की महिन्यावर, हे आधी लेखी घ्या. आणि बैठक संपली की त्याच रात्री, कुणी काय सुचवलं आणि काय ठरलं ते लिहून सगळ्यांना ई-मेलनं पाठवत जा. कथा कुठे आहे ते सगळ्यांना कळतं, आणि पट्टीची कल्पना कुणाची होती हेही तिथे तारखेसकट राहतं.