कर्करोगाचे औषध आणि सूक्ष्म कण

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या गावांत आजही आवाज खाली येतो. रुग्णाचा आजार शेजाऱ्यांपासून लपविला जातो आणि उपचारापेक्षा भीतीच मोठी होऊन बसते. अशी भीती ज्ञानानेच ओसरते, या विश्वासाने आम्ही विद्यार्थी व पालकांना या उपचारातील एका महत्त्वाच्या शोधाचा परिचय करून देत आहोत.

कर्करोगाच्या पेशी अनिर्बंध वाढतात. त्यांना मारणारी बहुतेक जुनी औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या कोणत्याही पेशीवर आघात करतात. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्वांगात फिरते. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. डॉक्सोरुबिसिन हे प्रभावी औषध तर हृदयालाही इजा करू शकते. त्यामुळे त्याची एकूण मात्रा मर्यादित ठेवावी लागते.

मग औषध गाठीत अधिक आणि निरोगी अवयवांत कमी कसे पोहोचवावे? येथे नॅनोकण उपयोगी पडतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचे शेकडो कण केसाच्या जाडीत सहज मावतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखविले की, काही स्निग्ध रेणू पाण्यात आपोआप पोकळ गोलकांचे रूप घेतात. हेच लायपोसोम. त्यांच्या पोकळीत औषध भरता येते. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी मांडले की, गाठीतील घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात. मोठे रेणू त्यांतून झिरपून तेथेच साचतात. निरोगी वाहिन्यांच्या भिंती मात्र घट्ट असतात.

१९९५ मध्ये लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचा हृदयावरील दुष्परिणाम साध्या औषधापेक्षा कमी आढळला. पुढे त्या औषधाचा तेथे तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा या कंपनीचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुभा दिली. भारतीय कारखान्यातील हे औषध परदेशी रुग्णांच्या उपयोगी पडले, ही अभिमानाची बाब आहे.

तथापि, विज्ञानाचा विद्यार्थी मर्यादाही तपासतो. २०१६ मध्ये अनेक प्राणिप्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. टोचलेल्या कणांपैकी जेमतेम ०.७ टक्के कण गाठीत पोहोचतात, असा मध्यक (मीडियन) त्यात निघाला. बरेचसे कण यकृत व प्लीहा अडवतात. काही रुग्णांच्या तळहात-तळपायांची त्वचाही सोलवटते. म्हणून याला चमत्कार म्हणणे योग्य नाही. हे दुष्परिणाम कमी करण्याच्या दिशेने टाकलेले एक पाऊल आहे.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. परंतु खेड्यातील रुग्णांची पद्धतशीर नोंद होण्यास आणखी चार दशकांहून अधिक काळ लागला. १९८७ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी माहिती दिली, तसतशा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यावर उपचारास येऊ लागल्या. त्यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही. संकोच दूर करणारे शब्द पुरेसे ठरले.

औषध पेशीपर्यंत नेणे हे वैज्ञानिकांचे काम आहे; रुग्णाला औषधापर्यंत नेणे हे आपले. कर्जत तालुक्यातील आमच्या विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजीची मिश्री आणि वडिलांची तंबाखू याविषयी आदराने, पण स्पष्ट बोलावे. न भरणारी जखम, न जाणारी गाठ किंवा अवेळी होणारा रक्तस्राव दिसल्यास नवस-अंगारा न करता डॉक्टरांकडे जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचाही समावेश आहे, हेही शेजाऱ्यांना सांगावे. उद्या आपल्यापैकीच कोणी प्रयोगशाळेत यापेक्षा चांगले कण घडवील, अशी आमची आशा आहे.