सोळा चित्रपाने मोजून घ्या

‘इन फेअरीलँड’चा विषय निघाला, की प्रस्तुत लेखिकेचा संताप अजूनही उफाळून येतो. तो रास्तच आहे. विक्रेत्याने ‘१८७०ची पहिली आवृत्ती, सर्व चित्रांसह’ असे लेखी दिले होते आणि दामही तसेच घेतले होते.

लंडनच्या लाँगमन्सने काढलेल्या या थोराड पुस्तकात विल्यम अ‍ॅलिंगहॅमची पऱ्यांवरची कविता आहे. संग्राहक जीव टाकतात ते मात्र रिचर्ड डॉयलच्या चित्रांवर. १६ चित्रपानांवर ३६ चित्रे, एडमंड इव्हान्सने लाकडी ठशांवरून रंगांत छापलेली. म्हणूनच पाने सुटी काढून, चौकटीत बसवून विकली जातात.

पुस्तक चाळताना मजकुराच्या एका पानावर तपकिरी चौकोन दिसला. चित्राचा कागद वर्षानुवर्षे टेकून राहिला की असा डाग पडतो. समोर चित्रच नव्हते! मोजली, तर चित्रपाने भरली १४. एल्फ राजाच्या विजययात्रेचे नावाजलेले चित्रही गायब.

विक्रेत्याचे पहिले उत्तर : इतक्या जुन्या पुस्तकात एवढे चालायचेच. दुसरे त्याहून संतापजनक : पाने तुमच्याकडेच निघाली असतील. दरम्यान त्याच्या यादीतून ‘सर्व चित्रांसह’ हे शब्द गुपचूप उडाले. लेखिकेने मूळ वर्णन जपून ठेवले होते, म्हणून पैसे परत आले; परतीचा टपालखर्च तिच्याच माथी बसला. दिलगिरीचा शब्द आजवर नाही.

तेव्हा पैसे पाठवण्यापूर्वी सोळाही चित्रपानांचे फोटो मागवावेत, पान बांधणीत जिथे शिरते ती कड दिसेल असे. भिंगही हवेच : आधुनिक ऑफसेट नकलेत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, इव्हान्सच्या छपाईत कोरलेल्या रेषा. अशा इतर सचित्र पुस्तकांत आवृत्तीही नीट पारखावी : क्रिस्टिना रोसेटीचे ‘गॉब्लिन मार्केट’ आर्थर रॅकहॅमच्या चित्रांसह हवे असेल, तर हॅरपने १९३३मध्ये काढलेल्या ४१० स्वाक्षरीच्या प्रती वेगळ्या आणि त्याच वर्षीची साधी आवृत्ती वेगळी, हे ध्यानात ठेवावे. घाई करू नये, पत्रव्यवहार जपावा, हे तर कोणीही सांगेल.

आणि फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर तो सौदा तिथेच सोडावा. ‘इन फेअरीलँड’ची १८७५ची दुसरी आवृत्तीही निघालेली आहे. चित्रपाने तिच्यातही १६च, आणि किंमत बहुधा पहिलीपेक्षा कमी.